गोठ्यात टिकणारी गाय : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांची तक्रार एकच आहे : गाय दूध भरपूर देते, पण गोठ्यात टिकत नाही. म्हणून हे सदर पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : माझ्याकडे बारा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई आहेत. पहिल्या वेताला २०-२४ लिटरवर जातात. पण दुसऱ्या-तिसऱ्या वेतानंतर कोणी सारखी उलटते (भरवूनही गाभण राहत नाही), कोणाचा सड जातो, कोणी लंगडते, आणि शेवटी विकावी लागते. दोष कांडीचा (कृत्रिम रेतनासाठीच्या वीर्याच्या नळीचा) की माझा? जास्त वेतं देणाऱ्या गाई होतील अशी कांडी मिळते का?
— दूध उत्पादक, संगमनेर

उत्तर : आधी एक हिशेब करून पाहा. एक गाय ३६ व्या महिन्यात पहिल्यांदा व्याली, दोन वेतांत प्रत्येकी ४,००० लिटर दूध दिले आणि साडेपाच वर्षांची असताना गाभण राहीना म्हणून गेली. आठ हजार लिटरला साधारण २,००० दिवसांनी भागा. जन्मल्यापासूनच्या प्रत्येक दिवसाला ४ लिटर पडले. दुसरी गाय २८ व्या महिन्यात व्याली. वेताला सरासरी ३,२०० लिटरच देते, पण १४ महिन्यांच्या अंतराने तिने सहा वेतं दिली. नऊ वर्षे चार महिन्यांत १९,२०० लिटर, म्हणजे दिवसाला ५.६ लिटर. बाजारात बोली मात्र पहिलीलाच जास्त लागते, कारण तिथे दोन धारांचे दूध मोजतात, आयुष्याचे कोणी मोजत नाही.

दुसरे असे की पहिल्या वेताची गाय स्वतःच वाढीला असते. तिचे खरे दूध तिसऱ्या ते पाचव्या वेतात दिसते आणि ते पहिल्या वेतापेक्षा साधारण पाव हिश्शाने जास्त असते. कालवड वाढवायचा खर्च फिटायलाच दुसरे वेत उजाडते. म्हणजे ज्या वेताला गाय फायद्यात येते, नेमक्या त्याच वेताला ती तुमच्या गोठ्यातून जाते आहे. युरोप-अमेरिकेत गोठ्यातून काढलेल्या गाईला मांसाची किंमत मिळते, म्हणून तिथला पशुपालक सरासरी तीन वेतांच्या आत गाय बदलूनही तग धरतो. आपल्याकडे तो पैसा नाही. त्यामुळे जास्त वेतांची गरज त्यांच्यापेक्षा आपल्याला अधिक आहे.

आता कांडीबद्दल. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९९४ पासून वळूंच्या मूल्यमापनात ‘उत्पादक आयुष्य’ हा गुण धरायला सुरुवात केली. या गुणाची आनुवंशिकता दहा टक्क्यांहून कमी आहे, तर दुधाची पाव हिश्शाच्या आसपास. सोप्या भाषेत, तुमच्या बारा गाईंपैकी कोण लवकर गेली आणि कोण टिकली, यातला बहुतांश फरक चारा, गोठा, धार आणि उपचार यांचा आहे. पण दहा टक्के म्हणजे शून्य नव्हे. ज्या वळूच्या शेकडो मुली नोंदीत आहेत त्याचा हा गुण भरवशाने कळतो, आणि तो एकदा रक्तात आला की पुढच्या प्रत्येक पिढीला फुकट मिळतो. चारा रोज घालावा लागतो, रक्त रोज घालावे लागत नाही.

यातली अडचण वेळेची आहे. मुली किती वेतं टिकल्या हे कळेपर्यंत वळू म्हातारा झालेला असतो. म्हणून आयुष्याशी जोडलेले, पण लवकर दिसणारे गुण बघतात : कासेची ठेवण, पाय-खूर, दुधातील पेशींची संख्या (ती वाढणे म्हणजे कासदाहाचे, दगडीचे लक्षण) आणि मुलींचे गाभण राहण्याचे प्रमाण. जनुकीय चाचणीने हे आणखी लवकर कळते. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम इथल्या कार्यक्रमात देशी आणि संकरित गाईंसाठी ‘गौचिप’ आणि म्हशींसाठी ‘महिषचिप’ या जनुकीय चाचणीच्या चिपांचे लोकार्पण झाले, ते याच कामासाठी. पण चिप स्वतःहून काही सांगत नाही. तिला गावागावांतल्या गाईंच्या दुधाच्या आणि वेतांच्या नोंदी लागतात. तुमच्याकडे दूध नोंदणीचा माणूस आला तर त्याला टाळू नका.

वळूचा तक्ता हातात आला की बहुतेकांची नजर ‘आईचे दूध’ या एकाच रकान्यावर जाते. आईने एका वेतात ९,००० किलो दूध दिले, यातून ती कोणत्या खुराकावर होती, दुसऱ्या वेताला होती की नव्हती, हे काही कळत नाही. त्याऐवजी चार गोष्टी विचारा : वळूचे पैदास मूल्य (तो मुलींना किती गुण देतो याचा अंदाज) मुलींच्या नोंदींवरून काढले आहे की जनुकीय चाचणीवरून, मुलींच्या नोंदींवरून असेल तर मुली किती, फॅट किती, आणि कासेचे, पायांचे गुण दिले आहेत का. मुली फार उंच, थोराड होतात म्हणून वळू निवडू नका. मोठे धड पोसायलाच जास्त चारा जातो आणि खुरांवर भार पडतो. मध्यम बांध्याची, खोल बरगडीची गाय जास्त टिकते.

निवडीचा अर्धा भाग तुमच्या गोठ्यातच आहे. कालवड कोणाची ठेवायची? ज्या गाईची चार वेतं झाली, दोन वेतांतले अंतर १४ महिन्यांच्या आत राहिले, जिला दगडी झाली नाही आणि जी लंगडली नाही, तिची. तिच्या मागे उभे राहून धारेआधी कास नीट पाहा. दोन्ही मागच्या सडांच्या मधोमध खालून वर जाणारी खोल घडी दिसली, तर कास पेलून धरणारा मधला स्नायुबंध घट्ट आहे. कासेचा तळ मागच्या पायाच्या मधल्या सांध्याच्या वर असावा. तळ त्याखाली उतरला, घडी बुजली आणि सड बाहेरच्या बाजूला फाकले, तर बसता-उठता सड तुडवला जातो, शेण लागते आणि दगडी होते. चौथ्या वेतालाही जिची कास वर बांधलेली आहे, तिची एकही कालवड विकू नका.

प्रश्न : आमच्याकडे येणारे एआय (कृत्रिम रेतन) कार्यकर्ते जी कांडी असेल ती भरतात. आम्ही कधी विचारत नाही. विचारायचे तर नेमके काय?
— वाचक, फलटण

उत्तर : वळूचा नंबर विचारा आणि लिहून ठेवा. पाव मिलीलिटरच्या त्या बारीक नळीवर वळूचा नंबर, जात, रेत केंद्राची खूण आणि तारीख किंवा बॅच छापलेली असते. गाय भरवून झाली की रिकामी कांडी उकिरड्यावर जाते. ती पुसून सेलोटेपने वहीत चिकटवा. शेजारी गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर, माज केव्हा दिसला आणि केव्हा भरवली हे लिहा. ‘भारत पशुधन’ ॲपवर नोंद होत असेल तरी ही वही ठेवाच.

ही वही नसेल तर मुलीला बापाचीच कांडी भरली जाते, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. बाप-लेकीच्या संकरातून होणाऱ्या वासरात सपिंड पैदाशीचे (जवळच्या नात्यातल्या संकराचे) प्रमाण २५ टक्के असते. आजोबा-नात किंवा एका बापाची, पण वेगळ्या आईंची भावंडे असली तर साडेबारा टक्के. ६.२५ टक्क्यांच्या वर जाऊ नये असा संकेत आहे. वर गेले की वासरे दगावतात, कालवडी उशिरा माजावर येतात, गाय सारखी उलटते, रोगाला लवकर बळी पडते. म्हणजे आयुष्य कमी करणारे सगळे एकत्र. नियम सोपा आहे : कालवड माजावर येण्याच्या आत, म्हणजे दीड वर्षात, वळू बदललेला असावा, आणि नवा वळू जुन्याचा मुलगा किंवा भाऊ नसावा. गावातल्या फिरत्या वळूकडे गाय नेऊ नका. त्याच्या रक्ताचा पत्ता नसतो आणि ब्रुसेलोसिससारखे आजार एका गाईकडून दुसरीकडे जातात. मान्यताप्राप्त रेत केंद्रातील वळूंची क्षयरोग, जोन्स, ब्रुसेलोसिस, आयबीआर यांसाठी ठरावीक काळाने तपासणी होते.

कांडी वितळवताना एकदा समोर उभे राहा. पाणी ३७ अंश सेल्सिअसचे, कांडी त्यात ३० सेकंद, मग कोरडी पुसून लगेच वापर. हातात चोळून किंवा खिशात ठेवून वितळवलेल्या कांडीत जिवंत शुक्रजंतू कमी उरतात. मग ‘गाय उलटली’ म्हणून दोष गाईला लागतो.

प्रश्न : माझ्या गाई एचएफच्या तीन पिढ्यांच्या आहेत, म्हणजे साडेसत्त्याऐंशी टक्के. उन्हाळ्यात धापा टाकतात, गाभण राहत नाहीत. आता जर्सी भरवली तर विदेशी रक्त कमी होईल ना?
— वाचक, उदगीर

उत्तर : नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. जर्सीही विदेशीच. तुमच्या गाईकडून वासराला अर्धे, म्हणजे ४३.७५ टक्के एचएफ मिळेल आणि जर्सीकडून ५०. एकूण विदेशी ९३.७५ टक्के. देशी वाटा साडेबारावरून सव्वासहावर येतो. फॅट वाढेल, आकार लहान होईल, दोन वेगळ्या जातींच्या संकराचा थोडा जोमही मिळेल, पण ज्यासाठी तुम्ही विचारता आहात ती देशी सहनशक्ती वाढणार नाही.

‘फुले त्रिवेणी’ या संकरित जातीत एचएफ ५०, जर्सी २५ आणि गीर २५ टक्के आहे. तिचा वळू घेतला, तर वासरू ८१.२५ टक्के विदेशी होईल. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने तयार केलेली ही जात आपल्या भागासाठी चांगली आहे, पण तुमच्या गाईवर एका पिढीत फरक थोडाच पडेल. ५० टक्के एचएफ असलेला सिद्ध संकरित वळू वापरला तर वासरू ६८.७५ टक्क्यांवर येते. गीर किंवा साहिवाल वापरला तर थेट ४३.७५. दूध पहिल्या पिढीत बरेच घटेल, म्हणून सगळ्या गाईंना एकदम देशी कांडी भरू नका. ज्या गाई उन्हाळ्यात हमखास उलटतात आणि दूधही बेताचे आहे त्यांच्यापासून सुरुवात करा, बाकीच्यांना ५० टक्के संकरित वळू लावा. कोरडवाहू, उष्ण भागात ५० ते ६२.५ टक्क्यांदरम्यान थांबणे शहाणपणाचे आहे. ब्राझीलने भारतातून नेलेल्या गीरवर बांधलेली गिरोलांडो ही जात नेमकी याच प्रमाणाची आहे : पाच अष्टमांश होल्स्टीन, तीन अष्टमांश गीर.

आणि रक्त बदलेपर्यंत आजच्या गाईंचे काय? दुपारी दोन वाजता गाईच्या बरगडीमागच्या खळग्याकडे बघत एक मिनिट श्वास मोजा. साठाच्या वर गेले तर तिला उष्णतेचा ताण आहे. छपराची उंची वाढवणे, पंखा आणि अंगावर पाण्याचा शिडकावा आळीपाळीने देणे, सावलीत पाणी ठेवणे हे दुभत्या गाईंसाठी बरेच जण करतात. आटवलेली गाय मात्र झाडाखाली किंवा उन्हात सोडून देतात, कारण ती दूध देत नसते. इथेच मोठी चूक होते. शेवटच्या दोन महिन्यांत उन्हाने भाजून निघालेली गाय पुढच्या वेताला दूध कमी देते, आणि फ्लोरिडा विद्यापीठाच्या अभ्यासात असे दिसले की त्या वेळी पोटात असलेल्या कालवडी पुढे स्वतः दूधही कमी देतात आणि कळपातून लवकर जातात. पंखा एकच असेल तर तो भाकड गाईंकडेही फिरवा.

प्रश्न : आमच्या कालवडी तीन वर्षे उलटून गेल्यावर व्यातात. वय झाले की आपोआप माजावर येतील असे वाटत होते. काय चुकते?
— वाचक, करवीर

उत्तर : कालवड वयावर नाही, वजनावर माजावर येते. एचएफ संकरित कालवड २५० ते २८० किलोची झाली की भरवायची, म्हणजे पूर्ण वाढीच्या ६० ते ६५ टक्के. रोज ५०० ते ५५० ग्रॅम वाढ मिळाली तर हे वजन १५-१६ महिन्यांत येते आणि २५-२६ व्या महिन्यात ती विते. वाढ ३०० ग्रॅमवर अडकली तर तेच वजन गाठायला दोन वर्षांच्या पुढे जाते.

वजनकाटा लागत नाही, शिंप्याची टेप चालते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचांत मोजा. खांद्याच्या पुढच्या टोकापासून मागच्या बाजूला बसण्याच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलोत वजन. घेर ६० इंच आणि लांबी ५२ इंच असेल तर ६० × ६० × ५२ ÷ ६६० = सुमारे २८४ किलो. दर महिन्याला मोजा. वाढ कुठे थांबली ते तिसऱ्या मोजणीतच दिसते.

बहुतेक गोठ्यांत ती पहिल्या तीन महिन्यांतच थांबलेली असते. जन्मल्यावर तासाभरात अडीच ते तीन लिटर चीक, बारा तासांच्या आत आणखी दोन लिटर. वार पडायची वाट बघत चीक थांबवू नका. चोवीस तासांनंतर वासराचे आतडे त्यातली रोगप्रतिकारक द्रव्ये रक्तात घेतच नाही. नाळ टिंक्चर आयोडिनमध्ये बुडवा. दूध वजनाच्या दहा टक्के, म्हणजे ३० किलोच्या वासराला ३ लिटर, दोन वेळांत. दुसऱ्या आठवड्यापासून काफ स्टार्टर (लहान वासरांचा खुराक) आणि स्वच्छ पाणी समोर ठेवा. रोज एक किलो स्टार्टर खाऊ लागली की दूध तोडायचे, त्याआधी नाही. पहिले जंतनाशक १० ते १५ दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. ब्रुसेलोसिसची लस ४ ते ८ महिन्यांच्या दरम्यान एकदाच, फक्त कालवडींना.

उलट चूकही होते. तीन ते दहा महिन्यांच्या कालवडीला पेंड-भरडा भरपूर घालून गुबगुबीत केली, की दूधग्रंथींच्या जागी कासेत चरबी भरते. ती चरबी पुढे कधी जात नाही.

प्रश्न : कालवडीच होणारी कांडी सगळ्या गाईंना भरावी का?
— वाचक, माढा

उत्तर : सगळ्यांना नको. लिंगनिर्धारित कांडीने सुमारे ९० टक्के कालवडी होतात, पण तिच्यात शुक्रजंतू साध्या कांडीच्या साधारण दहाव्या हिश्शाने असतात. त्यामुळे गाभण राहण्याचे प्रमाण कमी असते. ती निरोगी कालवडींना आणि पहिल्या-दुसऱ्या वेताच्या, नियमित माजावर येणाऱ्या गाईंना भरा. सोट (माजावर असताना येणारा चिकट स्राव) काचेसारखी स्वच्छ असावी. गढूळ किंवा पू मिश्रित असेल तर कोणतीच कांडी भरू नका, उपचार करा. वेळही थोडी उशिराची : साधी कांडी माज दिसल्यावर १२ तासांनी भरतात, ही १६ ते २० तासांनी. दोनदा उलटलेल्या गाईवर ही महाग कांडी वाया घालवू नका. आणि दहाच्या दहा कालवडी ठेवायच्या असतील तर निवड कशातून करणार? तुमच्या चांगल्या चार गाईंना ही कांडी आणि बाकीच्यांना साधी, हे बरे.

प्रश्न : गीर गाय बारा-पंधरा वर्षे जगते. मग संकरित सोडून गीरच पाळावी का?
— वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : जगणे आणि उत्पादक जगणे यांत फरक आहे. गीर काटक आहे, गोचीड आणि उन्हाला दाद देत नाही, खूर मजबूत असतात. पण पहिले वेत बहुधा चौथ्या वर्षात जाते आणि दोन वेतांत दीड वर्षाचे अंतर पडते. त्यामुळे वय बारा झाले तरी वेतं सहाच भरतात. यातला बराच भाग कालवडीच्या उपासमारीचा आणि माज न ओळखण्याचा आहे. गीरचा माज मुका असतो, रात्री होतो. ब्राझीलने १९८५ मध्ये दुधाळ गीरच्या वळूंची मुलींच्या दुधावरून पारख सुरू केली आणि त्यातून दूध वाढवले. आपल्याकडेही मुलींच्या नोंदींवरून निवडलेल्या गीर वळूंच्या कांड्या मिळतात, त्याच घ्या. लांब कान आणि गोल कपाळ पाहून घेतलेल्या वळूने दूध वाढत नाही. गोव्याच्या दमट हवेत गीर चालेल, पण दुधाचा दर लिटरवर मिळत असेल तर हिशेब करूनच ठरवा.

प्रश्न : आमची पाचव्या वेताची गाय व्याल्यावर दुसऱ्या दिवशी बसली, मान पोटाकडे वळवली, कान गार पडले. सलाईन लावल्यावर उठली. तिला ठेवावी की विकावी? तिची कालवड ठेवावी का?
— वाचक, शिरूर

उत्तर : हा दुग्धज्वर होता. चिकात एकदम कॅल्शियम जाते. तरुण गाय ते हाडांतून पटकन काढते, वय वाढले की हे काम मंदावते. म्हणून तिसऱ्या वेतापासून धोका वाढतो, आणि ज्याला गाई टिकवायच्या आहेत त्याला हे शिकावेच लागते. वेळेत उपचार झाले तर गाय विकण्याचे काही कारण नाही.

पुढच्या वेताआधी शेवटचे तीन आठवडे लसूण घास (ल्युसर्नचा चारा) बंद करा, त्यात कॅल्शियम आणि पोटॅशियम दोन्ही जास्त. कॅल्शियमच्या बाटल्याही त्या काळात बंद. ‘व्यायच्या आधी कॅल्शियम पाजले की ताप येत नाही’ ही समजूत उलटी आहे. बाहेरून आयते मिळाले की हाडांतून काढायची यंत्रणा झोपून राहते. मक्याचा हिरवा चारा, ज्वारीचा कडबा आणि पशुवैद्यकांनी सांगितले तर गाभण काळासाठीचे ऋणभारित क्षार द्या. व्याल्यावर लगेच आणि पुन्हा १२ तासांनी कॅल्शियम जेल, पण गाय उभी असेल आणि नीट गिळत असेल तरच. बसलेल्या गाईच्या तोंडात काहीही ओतू नका, ते फुप्फुसात जाते. तिला कुशीवर पडू देऊ नका. छातीवर बसवून दोन्ही बाजूंना पेंढ्याची पोती लावा. शिरेतून कॅल्शियम डॉक्टरांनीच, सावकाश, हृदयाचे ठोके ऐकत द्यायचे असते. पहिले दोन दिवस कास पूर्ण रिकामी करू नका, वासराला पुरेल तेवढा चीक काढा.

कालवड ठेवा. पाच वेतं गाभण राहिलेल्या, सड शाबूत असलेल्या गाईची ती आहे, आणि पहिल्या वेताला तिला हा ताप येण्याची शक्यता फारच कमी. फक्त वहीत आईच्या नावापुढे या तापाची तारीख लिहा, म्हणजे कालवडीच्या तिसऱ्या वेताआधी तीन आठवडे तुम्हाला लसूण घास बंद करायची आठवण राहील.